जंतू न सापडलेलं इन्फेक्शन: माझ्या गुडघ्याचं वर्ष

बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन आहे, पण कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात ती तपासणी) काहीच उगवत नाही, अशा अवस्थेत मी जवळपास वर्ष काढलं. त्या काळात मी अशाच अनुभवातून गेलेल्या कुणाचं तरी लिहिलेलं शोधत होते. म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. यात येणारी औषधं आणि आकडे माझ्या फायलीतले आहेत. ते घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावं. त्यावरून स्वतःचा उपचार ठरवू नये.

उजवा गुडघा जूनमध्ये बदलला. टाके निघाले तेव्हा जखमेच्या खालच्या टोकाला थोडी ओल राहिली होती, पट्टीवर रोज पिवळट डाग पडायचा. आठवडाभर अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या आणि जखम सुकली. ऑक्टोबरमध्ये गुडघा पुन्हा गरम लागायला लागला, सूज आली. दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या चालू असेतो बरं वाटायचं, संपल्या की दहा-बारा दिवसांत दुखणं परत. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. हा चढउतार मी कॅलेंडरवर नुसत्या खुणा करून ठेवला होता. पुढे त्या खुणांचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

चालताना दुखतं ते मला कळत होतं. ऑपरेशन झालंय, वेळ लागणार. पण रात्री पाय अजिबात न हलवता पडलेली असतानाही आतून ठणका लागायचा, आणि त्याची मात्र भीती वाटायला लागली. एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, सिमेंट आणि हाड यांच्या मध्ये, एक बारीक काळी रेघ दिसत होती. म्हणजे सांधा सुटायला लागला होता. शरीरात दाह किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारे रक्तातले दोन आकडे, ईएसआर ६८ आणि सीआरपी ३४.

इथे एक गोष्ट सांगते, कारण यात आमचा बराच गोंधळ झाला. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. त्यामुळे एका रिपोर्टवर ३४ होतं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर ३.१. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. प्रत्यक्षात ते ३१ होतं, जवळजवळ तेवढंच. आकड्यापुढचं एकक वाचा, आणि जमलं तर सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

जानेवारीत गुडघ्यातलं पाणी पहिल्यांदा काढलं. गोळ्या चालूच होत्या. छोट्या डबीत नमुना गेला, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: ‘नो ग्रोथ’. त्यातल्या पांढऱ्या पेशींची संख्या ११,४०० होती, पण तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कल्चर निगेटिव्ह आहे म्हणजे इन्फेक्शन नाही, मांडीचे स्नायू कमकुवत आहेत, व्यायाम वाढवा, असं मला सांगण्यात आलं. मी व्यायाम वाढवला. गुडघा आणखी सुजला. दुखतंय आणि त्याचं कारण कागदावर कुठेच नाही, ही अवस्था माणसाला आतून पोखरते. आपण फार बाऊ करतोय का, असंही वाटायला लागतं.

मुलगी म्हणाली, “आई, सगळे रिपोर्ट घेऊन दुसरीकडे दाखवूया.” फेब्रुवारीत आम्ही अशा डॉक्टरांकडे गेलो जे बदललेल्या सांध्यांची पुन्हा ऑपरेशनं करतात. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पाणी काढलं त्या दिवशी कोणत्या गोळ्या चालू होत्या?” मी कॅलेंडर पुढे केलं. त्यांनी ते शांतपणे वरून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “मग या कल्चरमध्ये काही उगवलं असतं तरच नवल.”

त्यांनी जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधी घेतलेलं अँटिबायोटिक. गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, पण उरलेले प्रयोगशाळेत वाढण्याइतके सशक्तही राहत नाहीत. दुसरं कारण बायोफिल्म. कृत्रिम सांध्याच्या धातूला आणि प्लास्टिकला जंतू चिकट थर करून धरून बसतात. विहिरीचं पाणी बादलीत काढून पाहिलं तर स्वच्छ दिसतं, शेवाळ मात्र कडेच्या दगडाला चिकटलेलं असतं, तसं. तिसरं कारण, काही जंतू फार सावकाश वाढतात. क्युटिबॅक्टेरियम नावाचा त्वचेवर राहणारा जंतू उगवायला दहा दिवससुद्धा लागू शकतात, आणि माझं कल्चर तिसऱ्या दिवशी बंद झालं होतं. क्षयाचे जंतू आणि काही बुरशी यांना तर वेगळंच माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. नेहमीच्या कल्चरमध्ये ते दिसतच नाहीत.

मग त्यांनी त्या ११,४०० वर बोट ठेवलं. नैसर्गिक सांध्यात जंतुसंसर्गाचा संशय घ्यायला पांढऱ्या पेशी साधारण पन्नास हजारांच्या घरात असाव्या लागतात, असं पूर्वापार शिकवलं जातं. त्या मापाने माझा आकडा किरकोळ वाटतो. बदललेल्या सांध्याचं माप वेगळं असतं. ऑपरेशनला काही महिने उलटून गेले असतील तर ३,००० च्या वरचा आकडाच संशयास्पद, आणि त्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्क्यांच्या वर असतील तर संशय पक्का होत जातो. माझे ८८ टक्के होते. म्हणजे उत्तर जानेवारीपासूनच त्या कागदावर होतं.

तरी लगेच ऑपरेशन ठरलं नाही. आधी अँटिबायोटिक पूर्ण बंद, किमान दोन आठवडे. हे दिवस मला सगळ्यात जड गेले. दुखणं वाढत असताना औषध न घेणं मनाला पटत नाही. घरच्यांना तर हे उलटंच वाटत होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की थंडी वाजून ताप आला, दम लागला, गुंगी आली, किंवा गुडघ्यातून पू वाहायला लागला तर वाट न पाहता थेट यायचं; तेव्हा कल्चरपेक्षा जीव महत्त्वाचा. तो कागद आम्ही फ्रिजवर लावला. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. सर्दी झाली तेव्हा शेजारून सुचवलेली गोळीही घेतली नाही, कारण तिच्यात काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा पाणी काढलं, आणि या वेळी सगळं वेगळं होतं. ऑपरेशन थिएटरच्या शेजारच्या खोलीत, पूर्ण निर्जंतुक करून. भूल फक्त कातडीपुरती दिली, सांध्यात नाही, कारण भुलेचं औषधही जंतूंची वाढ थोडी रोखू शकतं. सुई आत गेल्यावर सिरिंजमध्ये गढूळ पिवळं पाणी चढताना मला दिसत होतं. त्यातलं थोडं रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात त्या बाटल्यांत गेलं. अशा बाटल्यांत जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. थोडं पेशी मोजायला जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, थोडं युरिक अॅसिडसारखे स्फटिक बघायला, कारण गाउटमुळेही सांधा असाच लाल होऊन सुजतो. एक थेंब नर्सबाईंनी लघवी तपासायच्या पट्टीवर टाकला. दोन मिनिटांत त्या पट्टीचा पांढरट चौकोन गडद जांभळा झाला. पांढऱ्या पेशींमधलं एक एन्झाइम असं ओळखू येतं. पाण्यात रक्त मिसळलं असेल तर ही पट्टी नीट वाचता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बाटल्या लॅबमध्ये नेण्याचं काम मुलीने केलं. निघताना तिला बजावलं होतं: बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, वाटेत दुसरं काम काढायचं नाही. मागणीपत्रावर डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं, ‘कृत्रिम सांधा, १४ दिवस ठेवा, क्षय व बुरशी वेगळी तपासा.’ तुमच्या मागणीपत्रावर फक्त ‘कल्चर’ एवढंच असेल तर तिथेच थांबून विचारा. नुसत्या ‘कल्चर’ शब्दावर बहुतेक ठिकाणी नेहमीचे काही दिवसच ठेवतात.

त्या १४ दिवसांत मी लॅबला अधूनमधून फोन करत होते. तिथल्या ताई न कंटाळता सांगायच्या, “काकू, अजून काही वाढलेलं नाही, बाटल्या मशीनमध्येच आहेत.” याच दरम्यान जंतुसंसर्गाच्या डॉक्टरांनी माझी तासभर चौकशी केली. कच्चं दूध पिण्यात आलं होतं का, गुरांशी संबंध, घरात कुणाला क्षय झाला होता का, दातांचं काम, लघवीचे त्रास, पायाला जखमा. ब्रुसेला आणि कॉक्सिएला हे जंतू गुराढोरांकडून येतात आणि नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी रक्ताची तपासणी वेगळी झाली. ती निगेटिव्ह आली. चौदाव्या दिवशीचं कल्चरही निगेटिव्ह. पेशी मात्र आता १४,००० च्या वर.

आणि इथे विम्याची अडचण उभी राहिली. मंजुरीसाठी कागद पाठवले तर उत्तर आलं, ‘कल्चर निगेटिव्ह असताना इन्फेक्शनचं निदान कशाच्या आधारे?’ प्रश्न चुकीचा नव्हता, पण सुटलेला सांधा घेऊन वाट पाहणं कठीण होतं. डॉक्टरांनी एका पानाचं पत्र दिलं. बदललेल्या सांध्यातलं इन्फेक्शन ओळखण्यासाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकषांमध्ये प्रत्येक पुराव्याला गुण आहेत: वाढलेल्या सीआरपीला २, ईएसआरला १, सांध्यातल्या वाढलेल्या पांढऱ्या पेशींना ३, न्यूट्रोफिलच्या प्रमाणाला २. सहा गुण झाले की सांध्यात इन्फेक्शन आहे असं धरतात. माझे आठ होत होते, आणि त्यात कल्चरचा एकही गुण नव्हता. पत्रासोबत रिपोर्टच्या प्रती, त्यांवर आकड्यांखाली पेनाने रेघा. शिवाय आधीच्या अँटिबायोटिकची तारीखवार यादी. मंजुरी यायला एप्रिल उजाडला. ज्यांना हा प्रश्न येईल त्यांनी डॉक्टरांकडून असं गुणांसकट पत्र आधीच मागून घ्यावं, क्वेरी येण्याची वाट पाहू नये. आणि मंजुरी मागतानाच दोन ऑपरेशनं, मधली इंजेक्शनं आणि दर आठवड्याच्या रक्ततपासण्या हे सगळं एकत्र लिहून घ्यावं. बिलात सगळ्यात लांबत जाणारा भाग ऑपरेशनचा नसतो, मधल्या काळाचा असतो.

दोन ऑपरेशनं का, हे मीही विचारलं. इन्फेक्शन अगदी ताजं असेल, सांधा घट्ट बसलेला असेल, तर उघडून धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून सांधा वाचवता येतो. माझा सुटला होता आणि दुखणं महिन्यांचं होतं, तेव्हा तो मार्ग बंद. एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढून नवा बसवणंही करतात, पण त्यासाठी बहुतेक डॉक्टरांना जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे आधी माहीत असलेलं हवं असतं. तेच तर आमच्याकडे नव्हतं. म्हणून आधी सांधा काढायचा, मध्ये त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, म्हणजे स्पेसर, आणि इन्फेक्शन गेलं असं वाटलं की नवा सांधा.

पहिलं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. नमुने निघेपर्यंत अँटिबायोटिक द्यायचं नाही असं ठरलं होतं. यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत, कारण कापण्याआधीच्या एका डोसने कल्चरवर फारसा फरक पडत नाही असंही दिसून आलं आहे. आत वेगवेगळ्या जागांहून ऊतकाचे सहा तुकडे घेतले, प्रत्येकाला स्वच्छ चिमटा आणि वेगळी डबी. स्वॅबच्या काडीवर विसंबले नाहीत. काढलेला सांधा सोनिकेशनला गेला. त्यात ध्वनिलहरींनी धातूवरचा थर सैल करून त्या पाण्याचं कल्चर करतात. काही तुकडे पॅथॉलॉजीला. आणि एक नमुना १६एस पीसीआरला, ज्यात जिवंत जंतू नसला तरी त्याचा जनुकीय अंश शोधतात.

कल्चर सगळी निगेटिव्ह. सोनिकेशन निगेटिव्ह. पीसीआर निगेटिव्ह. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये मात्र लिहिलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली पाचहून अधिक जागी, प्रत्येक जागी पाचहून जास्त न्यूट्रोफिल आहेत. उपचार योग्य दिशेने चाललाय याचा तो पुरावा होता. क्षयाच्या कल्चरचा शेवटचा निकाल यायला सहा आठवडे लागले, तोही निगेटिव्ह. त्याआधी झालेल्या जीनएक्सपर्टमध्येही, म्हणजे क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीतही, काही नव्हतं. मला नाव हवं होतं. कुणाशी लढतेय ते कळावं असं फार वाटायचं. डॉक्टर म्हणाले, “नाव नसलं तरी इलाज होतो. जाळं जरा मोठं टाकावं लागतं, आणि तुमच्या मूत्रपिंडांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, एवढंच.”

मोठं जाळं म्हणजे व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रियाक्सोन, शिरेतून, सहा आठवड्यांसाठी. दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, घातली, म्हणजे रोज नवी सुई नको. व्हँकोमायसिन हळूहळूच द्यावं लागतं. घाईने गेलं तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. एकदा सलाईनचा वेग जास्त राहिला आणि मला ते लगेच जाणवलं. नर्सबाईंनी वेग कमी केला तसं थोड्या वेळात शमलं. ही खरी अॅलर्जी नसते, पण अंगावर काहीही वेगळं वाटलं तर लगेच सांगा. दर आठवड्याला रक्त: पेशी, यकृत, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, औषधाची रक्तातली पातळी. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन चढायला लागलं. व्हँकोमायसिन थांबवून डॅप्टोमायसिन सुरू केलं. ते स्नायूंना त्रास देऊ शकतं, म्हणून सीपीके ही तपासणी वाढली आणि माझी कोलेस्टेरॉलची गोळी तेवढ्यापुरती बंद झाली. क्रिएटिनिन पुढच्या पंधरवड्यात खाली आलं.

गोळ्यांवर भागलं नसतं का, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. ब्रिटनमधल्या २६ केंद्रांत हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या ओव्हिव्हा या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हाडा-सांध्याच्या इन्फेक्शनमध्ये पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडत नाहीत, असं त्यात दिसलं. पण कोणती गोळी हे ठरवायला जंतू माहीत असलेला बरा. माझ्या बाबतीत ते नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनच ठेवली. तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, विचारायला संकोच करू नका.

स्पेसरचे महिने वॉकरवर गेले. पाय जमिनीला नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. आंघोळीच्या वेळी पिक लाइन प्लास्टिकने गुंडाळायची. त्या काळात घरातल्यांनी माझ्यासाठी जे केलं ते लिहायला बसले तर वेगळा लेख होईल.

जूनमध्ये इंजेक्शनं संपली आणि पुन्हा औषधाविना थांबण्याचा काळ आला. या वेळी भीती उलट होती: दुखणं परत येतं का. आलं नाही. सीआरपी ५ वर, ईएसआर २२ वर, सांध्यातल्या पेशी ६०० च्या आसपास. फक्त कल्चर निगेटिव्ह एवढ्यावर कुणीही ‘गेलं’ म्हटलं नाही. सगळे आकडे एका दिशेला गेले तेव्हाच दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली. जुलैच्या अखेरीस नवा सांधा बसला. टेबलावर असतानाच ऊतकाचा तुकडा गोठवून तपासला, त्यात न्यूट्रोफिल नव्हते. त्यानंतर तीन महिने गोळ्या चालल्या, त्याही अंदाजानेच निवडलेल्या, पण माझ्या मूत्रपिंडांना झेपतील अशा.

आज नवा सांधा बसून आठ महिने झाले आहेत. गुडघा शंभर अंशांपर्यंत वाकतो, जिना कठडा धरून चढते. रात्रीचा तो ठणका नाही. डॉक्टर अजून ‘बरं झालं’ म्हणत नाहीत. किमान दोन वर्षं नजर ठेवायची, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. माझ्या फायलीत पहिल्याच पानावर एक तक्ता चिकटवला आहे: अँटिबायोटिकचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, कुणी दिलं, कशासाठी. त्याखाली प्रत्येक कल्चरची तारीख, त्या दिवशी कोणती गोळी चालू होती, आणि किती दिवस ठेवलं. दातांच्या डॉक्टरांकडे, घशाच्या दुखण्याला, कुठेही अँटिबायोटिक लिहून मिळालं की ते सुरू करण्याआधी मी गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन करते. गेल्या महिन्यात लघवीची जळजळ झाली तेव्हा त्यांनी आधी सीआरपी करायला सांगितला आणि लघवीचं कल्चर पाठवून मगच गोळी सुरू करू दिली. सीआरपी ४ होता. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.